आठ बटणांचं जाकीट

कॉर्डुरॉयचा सूट पुरुषांना अजून शोभतो का, या प्रश्नावर आमच्या नीनमूर गावात अख्खा हिवाळा चर्चा झाली. बाकी सगळं ठीकच होतं म्हणा. समुद्राच्या बांधाला भेग पडली होती, डॉक्टर आठवड्यातून एकदा तोंड दाखवून जात होता, शाळेत मुलांपेक्षा बाकं जास्त झाली होती. ते राहू दे बाजूला. माझ्या हॉटेलातल्या गोल टेबलाभोवती गावातले कर्ते बाप्ये बिअरचे ग्लास पुढ्यात घेऊन रोज संध्याकाळी कापडावर बोलत होते. बायका कापडावर बोलल्या की त्या चकाट्या, आणि बाप्ये बोलले की ती चर्चा.

सुरुवात पोलमननं केली. पोलमन म्हणजे आमच्या बँकेचा साहेब. न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत त्यानं कुठलंसं मासिक चाळलं आणि त्यात वाचलं की यंदा कॉर्डुरॉय परत आलाय. झालं! पुढच्या शनिवारी स्वारी हॅम्बुर्गला, आणि त्याच संध्याकाळी अंगावर मोहरीच्या फुलासारखा पिवळा कॉर्डुरॉयचा सूट. आत आला, हॉटेलच्या मधोमध उभा राहिला, कुणीच काही बोलेना म्हणून स्वतःच एकदा गोल फिरला.

"काय वीब्के, कसा दिसतो?"

"सोफा झकास झालाय," मी म्हटलं. "उशा कधी येतायत?"

सगळे खो-खो हसले. हसला नाही तो एकटा फोल्कर्ट, माझा धाकटा भाऊ. त्यानं आधी पोलमनच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, मग तीच बोटं आपल्या विजारीला पुसली.

"परत आलाय म्हणे," तो म्हणाला. "गेला कधी होता?"

फोल्कर्टच्या दृष्टीनं तो गेलेला नव्हताच. त्याच्या कपाटात चाळीस वर्षं एक काळ्या कॉर्डुरॉयचा सूट लटकतोय आणि त्या सूटची गोष्ट ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात सापडणार नाही. मी स्वतः ती इतक्यांदा ऐकलीय की झोपेत सांगेन. तरी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे छपरांची सुतारकी शिकून झाली की हौस असलेल्या पोरानं काळा कॉर्डुरॉय अंगावर चढवायचा. खाली घोळदार विजार, वर जाकीट, त्यावर कोट, डोक्यावर रुंद काठाची हॅट. मग वेशीवरच्या, गावाचं नाव लिहिलेल्या पिवळ्या पाटीवर चढायचं, पलीकडे उडी मारायची आणि मागे वळून न बघता चालू पडायचं. तीन वर्षं आणि एक दिवस गावात पाऊल टाकायचं नाही. गावात काय, गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत यायचं नाही. खिशात फोन नाही, बुडाखाली स्वतःची गाडी नाही. मिळेल तिथे काम, मिळेल तिथे झोप. मुदत भरली की परत त्याच पाटीवर बाहेरून चढायचं आणि आत उडी मारायची. आत घरच्यांनी झेलायचं. पाय गावच्या मातीला लागेपर्यंत तो परका, लागला की गावचा. शंभरात एखादाच पोरगा हे करतो, आणि उरलेला जन्म बाकीच्या नव्याण्णवांना ऐकवत बसतो. आमच्या नशिबानं तो एखादा आमच्याच घरात निघाला.

परत आला तेव्हा कानात बाळी, हातात पीळदार काठी आणि बोलण्यात एक नवीनच खर्ज. मी म्हटलं, चला, काही दिवसांनी उतरेल. कसला उतरतोय! गावातल्या प्रत्येक छपराच्या पूजनाला, बारशाला, लग्नाला, नेमबाजीच्या जत्रेला हा काळ्या कॉर्डुरॉयमध्ये हजर. माझा नवरा गेला तेव्हा मयताला सगळं गाव काळ्यात होतं, पण पाद्री आधी ह्याच्याशी जाऊन हात मिळवून आला. बिचारा नवीन होता, त्याला वाटलं हाच कुणीतरी मोठा.

सूटाच्या बटणांनाही अर्थ असतो, बरं का. जाकिटाला आठ बटणं, कारण कारागिरानं दिवसाला आठ तास काम करायचं. हे तो पोरासोरांना छातीवर बोट ठेवून मोजून दाखवायचा. पुढे पोट सुटलं आणि खालची तीन लागेनाशी झाली. मी एकदा भर टेबलावर विचारलं, "फोल्कर्ट, मग हल्ली पाच तासांतच सुटी का?" दोन आठवडे माझ्याकडे बिअर प्यायला आला नाही. घरीच प्यायला, आणि त्याची बायको टेल्झे मला येऊन म्हणाली, "वीब्के, काय ते त्याला लवकर समजाव, माझं स्वयंपाकघर मोकळं कर."

आता इम्के. फोल्कर्ट आणि टेल्झेची एकुलती एक पोर, माझी भाची. भुशात लोळत वाढली. दुसरी पोरं झोपताना बाहुली घ्यायची, ही रंधा मागायची. मोठी झाल्यावर शेजारच्या गावातल्या मिस्त्रीकडे रीतसर सुतारकी शिकली, परीक्षा दिली, तालुक्यात पहिली आली. फोल्कर्टची छाती अशी फुगली की चौथं बटणही धोक्यात आलं. "दोन बाप्यांचं काम एकटी करते माझी पोरगी," असं माझ्याच टेबलावर हात आपटून सांगायचा. मला पोरीचं फार कौतुक आणि त्याचंही वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

आणि मग एका रविवारी जेवायच्या वेळी इम्के माडीवरून खाली उतरली. मी तिथेच होते, बटाटे सोलत. अंगावर काळा कॉर्डुरॉय. घोळदार विजार, आठही बटणं लावलेलं जाकीट, कोट, हातात हॅट. फोल्कर्ट आधी हसलाच.

"अगं, सोंगांचा सण गेला की मागच्याच महिन्यात!"

"सोंग नाही, बाबा. मी निघतेय. एप्रिलात."

"कुठे?"

"तू गेला होतास तिथेच. वाट नेईल तिथे."

त्याचं हसू जे मावळलं ते मावळलंच. "हा पुरुषांचा वेष आहे, इम्के."

"कापड आहे बाबा. त्याला काय कळतंय आत कोण आहे?"

"आमच्या फिरत्या सुतारांच्या संघात मुली घेत नाहीत."

"माहीत आहे. मी संघाशिवाय जाणाऱ्यांबरोबर चाललेय. त्यांच्यात घेतात."

"संघाशिवाय!" तो असा ओरडला की टेल्झेच्या हातातला डाव खाली पडला. "भटके आहेत ते भटके! आणि आरशात बघितलंस का स्वतःला? शोभतं का हे मुलीच्या जातीला?"

"तुला शोभतं का, ते तरी विचारलंय का आम्ही कधी?" टेल्झे म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता मी त्याची मोठी बहीण, त्याला मी दुपट्यापासून ओळखते. त्याला भीती वाटत होती. रस्त्यावर, परक्या गावात, कुणाच्याही गोठ्यात आपली पोर झोपणार, हीच ती भीती. पण काळजी वाटते म्हणायला जीभ रेटेना, म्हणून शोभत नाही म्हणाला. आमचे बाप्ये असेच. जळत असेल काळीज, आणि बोलतील कापडावर.

एप्रिलात ती निघाली. पाटीपाशी सगळं गाव जमलं. पलीकडे तिचे सोबती काळ्या सूटात उभे, अलीकडून आम्ही तिला वर चढवलं. पाटीवर बसून तिनं एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग बापाच्या कारखान्याच्या दिशेनं. तिथून करवतीचा आवाज येत होता. एकसारखा, थांबायचं नाव नाही. इम्केनं पलीकडे उडी मारली आणि रिवाजाप्रमाणे मागे न बघता गेली. टेल्झे घरी गेली तेव्हा करवत चालूच होती आणि तिच्याखाली फळी नव्हती. नुसती हवा कापत बसला होता शहाणा.

टेल्झेनं वीज बंद केली आणि म्हणाली, "ऐक. आजपासून तुझ्या त्या सूटला मी सुई लावणार नाही. बटण तुटलं, शिवण उसवली, पोट वाढलं, तुझं तू बघ." आणि खरंच लावली नाही. तोपर्यंत दर दोन वर्षांनी ती गुपचूप विजारीची कंबर सैल करत आलेली. फोल्कर्टला वाटायचं आपण आहोत तसेच आहोत.

नंतरची तीन वर्षं त्यानं इम्केचं नाव काढलं नाही. मोठा मानी ना! फक्त दुसऱ्या वर्षी त्याला एकाएकी बटाट्यांची आवड लागली. दर महिन्या-दोन महिन्यांनी गाडी काढायचा आणि सांगायचा, "ग्रोटेनकोगला चाललोय, बटाटे आणतो." ग्रोटेनकोग आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या किंचित पलीकडे. आमच्या गावात बटाटे पायात येतात, घरोघरी कुजतात, आणि हा पेट्रोल जाळून बटाटे आणायला जायचा. त्याच वर्षी इम्के तिथल्या एका मोठ्या कोठाराचं छप्पर बांधत होती, हा निव्वळ योगायोग.

इम्के अधूनमधून कुणा शेतकऱ्याच्या घरून माझ्या हॉटेलात फोन करायची.

"आत्या, आज बाबा परत बटाटे न्यायला आला होता का गं?"

"का, दिसला का?"

"ट्रॅक्टरच्या आड उभा होता. ती एवढी मोठी हॅट घालून. मी वरून दोनदा हात केला."

"मग?"

"छपराकडे बघत होता. सगळे सांधे बघितले, वाशान् वाशा बघितला. माझ्याकडे नाही बघितलं. छप्पर आवडलं असेल का गं त्याला?"

"तू विचारायचंस की!"

"मी का विचारू?" आणि फोन ठेवला. बापाची पोर, दुसरं काय. मी रिसीव्हर हातात धरून दोघांनाही शिव्या घातल्या.

फोल्कर्ट त्या संध्याकाळी आला तेव्हा मी बिअर आपटली त्याच्यापुढे. "काय, कसे होते बटाटे?"

"चांगले होते," तो म्हणाला. मग ग्लासात बघत, "फार चांगले होते," असं दुसऱ्यांदा म्हणाला.

तर असा तिचा तिसरा हिवाळा चालू होता, आणि त्यातच पोलमननं तो मोहरीचा सोफा अंगावर घालून चर्चा काढली. दररोज नवा मुद्दा. कॉर्डुरॉयनं माणूस जाड दिसतो की बारीक? जाड रेघा बऱ्या की बारीक? चालताना मांड्यांशी खसखस आवाज होतो तो रुबाबदार की लाजिरवाणा? खाटकाचं म्हणणं, कॉर्डुरॉय मास्तरांनी घालावा. निवृत्त मास्तरांचं म्हणणं, आता कुणीच घालू नये. फोल्कर्ट म्हणायचा, ज्यानं कधी वाशाला खिळा मारला नाही त्यानं कॉर्डुरॉयला हात लावू नये, आणि असं म्हणताना पोलमनकडे बघायचा. पोलमन बँकेत बसून एक गोष्ट चांगली शिकलाय, काही मनाला लावून घ्यायचं नाही. तो आपला रोज तोच सूट घालून यायचा.

एकदा मात्र तो बोलून गेला, "मासिकात तर बायकांचेही फोटो आहेत हो. काळा कॉर्डुरॉय, घोळदार विजार. अगदी तुमच्या इम्केसारख्या."

फोल्कर्टनं ग्लास खाली ठेवला, हॅट घेतली आणि गेला. बिअर अर्धी तशीच. फोल्कर्टनं बिअर अर्धी ठेवली हे मी त्याआधी आमच्या आईच्या मयतालाच पाहिलं होतं.

एप्रिल उजाडला. इम्केचा निरोप आला की रविवारी चर्चनंतर ती पाटीशी पोचेल. गावाला उत्साह आला. बेकरीवाल्यानं लोणी घातलेला केक लावला, मी बिअरचं पिंप काढलं, बँडवाल्यांनी वाद्यं पुसली. शनिवारी टेबलावर मी सगळ्यांदेखत फोल्कर्टला विचारलं, "येणार आहेस ना?"

"मी तेव्हाही नव्हतो, आताही नसणार."

"का?"

"मी एकदा बोललो ते बोललो."

"चांगलंय," मी म्हटलं. "पोरगी तीन वर्षांनी येतेय आणि तू आपला शब्द सांभाळत घरात बस. दोघे मिळून बटाटे खा."

रविवारी टेल्झे निघाली तेव्हा तो सपाता घालून स्वयंपाकघरात बसला होता. तिनं विचारलंही नाही. पाटीशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "त्याचं नाव काढू नकोस, नाहीतर मी रडेन."

ते आले. लांबून बांधाच्या रस्त्यावर चार-पाच काळे ठिपके, मग हॅटा दिसल्या, मग गाणं ऐकू आलं. इम्के सगळ्यांच्या पुढे. काळीसावळी पडलेली, खांद्यांनी रुंद झालेली, कानात बाळी. तिच्या सोबत्यांनी तिला हातांच्या पायरीवरून वर चढवलं आणि ती पाटीवर येऊन बसली, पाय बाहेरच्या बाजूला. बँड सुरू झाला. तिनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. टेल्झेकडे बघून हसली. मग गर्दीतून नजर फिरवली, एकदा, दोनदा. मला कळलं ती काय शोधतेय, आणि मी माझ्या चपलांकडे बघायला लागले. बँडवाल्यांनाही कळलं असावं, कारण ते एकेक करून थांबले.

"आई, बाबा नाही आला?"

टेल्झेनं नुसती मान हलवली.

इम्के बसून राहिली. बराच वेळ. कारखान्याकडे बघितलं तिनं. तिथे करवतही वाजत नव्हती.

"आत्या," ती मला म्हणाली, आणि आवाज अगदी साधा होता, "केक खाऊन टाका तुम्ही. मी अजून थोडी परकीच राहते."

आणि ती बाहेरच्याच बाजूला उतरली. गाठोडं खांद्याला लावलं, काठी घेतली आणि आल्या रस्त्यानं चालायला लागली. तिचे सोबती एकमेकांकडे बघतायत, आमच्याकडे बघतायत. असं कधी कुणी केलेलंच नव्हतं. मी हाक मारली, बेकरीवाल्यानं मारली, अख्ख्या गावानं मारली. ती वळली नाही. निघालेल्यानं मागे बघायचं नसतं, हे तिला लहानपणापासून पाठ. पढवलं कुणी होतं? त्याच त्या महाशयांनी!

तेवढ्यात मागून सायकलची घंटी. घंटी कसली, बोंब होती ती.

फोल्कर्ट! काळ्या कॉर्डुरॉयमध्ये! हॅट मागे गळ्यात लोंबतेय, तोंड बिटासारखं लाल. जाकिटाला वरची चार बटणं, खाली सगळ्या मोठ्या सेफ्टी पिना. विजारीची कंबर मागून चक्क सुतळीनं ओढून बांधलेली. इतका वेळ कपाटापुढे झगडत होता गडी. टेल्झे घराबाहेर पडल्याबरोबर सपाता फेकून तो त्या सूटात शिरायला गेला, आणि तीन वर्षांत कुणी कंबर सैल केली नव्हती.

"कुठाय? कुठाय ती?"

मी रस्त्याकडे बोट केलं. लांबवर तिची पाठ दिसत होती.

फोल्कर्टनं सायकल सोडून दिली, ती बँडवर जाऊन आदळली. तो धावत पाटीशी आला, दोन्ही हातांनी खांब धरला आणि वर चढायला लागला.

"अरे बाजूनं जा ना!" मी किंचाळले. "फोल्कर्ट, पाटीच्या बाजूनं जा! मोकळा रस्ता आहे!"

खरंच मोकळा होता. पाटीच्या डाव्या अंगाला रस्ता, उजव्या अंगाला गवत, म्हैस जाईल एवढी जागा. पण ते त्याला सुचणारच नव्हतं. गावाबाहेर सुटलेल्या कारागिराकडे जायचं म्हणजे पाटीवरूनच, हे त्याच्या डोक्यात असं बसलेलं की तिथे दुसरा रस्ताच नव्हता. पाय घसरत होते. त्यानं इकडेतिकडे बघितलं. पोलमन अगदी जवळ उभा होता, तोच तो मोहरीचा सूट घालून.

"वाक!" फोल्कर्ट ओरडला.

"अं?"

"वाक म्हणतो ना!"

बँकेचा साहेब वाकला. फोल्कर्टनं चिखलाचा बूट त्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा खांद्यावर, आणि पोटावर पाटीवर जाऊन पडला. त्या सूटचा तालुक्याला पहिल्यांदाच काही उपयोग झाला. मग एक पाय पलीकडे टाकायला गेला आणि टर्रकन आवाज आला. चाळीस वर्षांची शिवण मागून वरपासून खालपर्यंत. त्यात घोळदार विजारीचा एक पाय खांबाच्या बोल्टात अडकला. ना इकडे येता येईना ना तिकडे जाता येईना. सबंध गावापुढे त्याची पांढरी चड्डी.

"इम्के!" त्यानं हाक मारली.

ती चालतच राहिली.

"इम्के! इम्के गं!"

नाही. हात खाली गेले त्याचे. मला वाटलं आता हा पडतो. आणि मग तो जे ओरडला ते माझ्या भावाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"इम्के, मी अडकलोय!"

ती थांबली. जागेवरच उभी राहिली, पाठमोरी. मग वळली. वळायचं नसतं, पण वळली. गाठोडं रस्त्यातच टाकून धावत आली.

"बाबा, काय चाललंय हे?"

"तुला घ्यायला आलोय."

"पाटीवरून?"

"मग कुठून येतात?"

ती हसली का रडली मला इकडून दिसलं नाही. तिनं बोल्टातून विजार सोडवली, त्याच्या कमरेला विळखा घातला. "सोड हात. धरलंय मी." त्यानं सोडले. एवढा मोठा माणूस तिनं अलगद खाली घेतला. दोघेही आता गावाच्या बाहेर उभे होते आणि आम्ही सगळे आत.

मग त्यानं तिच्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश.

"गुडघ्यावरच्या रेघा पार गेल्यात तुझ्या विजारीच्या," तो म्हणाला.

"छपरावर गुडघे टेकावे लागतात, बाबा."

"माहीत आहे. माझ्याही गेल्या होत्या." त्यानं घसा खाकरला. "ते ग्रोटेनकोगचं छप्पर. उत्तरेकडचा सांधा. मी केला असता तर इतका नीट झाला नसता."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच यायचो दर वेळी. आणि बटाटे घेऊन परत जायचो." त्यानं आपल्या पिनांकडे, उसवलेल्या विजारीकडे बघितलं. "मला नाही शोभत गं आता हा. तुला शोभतो. तुलाच शोभतो."

इम्केनं बाहीनं डोळे पुसले. माझ्या शेजारी टेल्झे रडत होती, मीही रडत होते. डोळ्यात काही गेलं वगैरे म्हणणार नाही, सरळ रडत होते.

"चल, चढ," इम्के त्याला म्हणाली. "आम्ही ढकलतो तुला."

"मी? मी कशाला चढू? मी येऊन चाळीस वर्षं झाली. आता तुझी पाळी." मग त्यानं बोट उगारलं, नेहमीच्या खर्जात. "आणि मी पलीकडे पोचेपर्यंत उडी मारायची नाही. ऐकलंस? एकानंही तिला ढकलायचं नाही!"

सोबत्यांनी तिला वर चढवलं. आणि माझा भाऊ, एका हातानं मागून विजार धरून, पाटीच्या बाजूनं, गवतातून चालत आत आला. हळूच कुणीतरी हसलं, टेल्झेनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. फोल्कर्ट पाटीखाली येऊन उभा राहिला आणि वर बघितलं. झेलायचं तर दोन्ही हात हवेत. दोन्ही हात वर करायचे तर विजार सोडायला हवी.

त्यानं सोडली.